संगीताचा सराव, कान आणि उतारवय

वय वाढले की ऐकू कमी येते, ही तक्रार आपल्या प्रत्येक वस्तीत ऐकावयास मिळते. परंतु वृद्ध मंडळी नेमके काय सांगतात? "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." घाटकोपर स्टेशनच्या गर्दीत, लग्नाच्या मांडवात, संस्थेच्या सभेत हा त्रास अधिक होतो. मग माणूस सभेला येणे सोडतो आणि घरचे म्हणतात, "आता त्यांना काही समजत नाही." हा गैरसमज दूर व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

ऐकण्याचे काम दोन ठिकाणी चालते. आतल्या कानात शंखाच्या आकाराची नळी असते. तिच्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. त्या नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात, म्हणून 'स', 'श', 'फ' असे वर्ण प्रथम निसटतात. दुसरे काम मेंदूचे. गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणे, निसटलेला वर्ण संदर्भाने भरून काढणे, हे मेंदू करतो.

संगीताचा उपयोग होतो तो येथेच. कॅनडातील संशोधक झेंडेल व अलेन यांना २०१२ साली असे आढळले की, गोंगाटात बोलणे समजण्याच्या बाबतीत ७० वर्षांचा वादक संगीत न शिकलेल्या ५० वर्षांच्या माणसाच्या बरोबरीचा असतो. मात्र त्याचे कान वयाप्रमाणेच झिजलेले होते. टिकली होती ती मेंदूची सवय. २०१९ साली टोरांटो येथे ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांनी दहा आठवडे समूहगायन केले, तेव्हा त्यांना गोंगाटातील बोलणे अधिक समजू लागले.

याचे कारण आपल्या गायनपार्टीत दिसते. कोरस धरणाऱ्याला मुख्य गायकाचा स्वर, ढोलकीचा ठेका आणि स्वतःचा आवाज एकाच वेळी वेगवेगळा ऐकावा लागतो. लोकशाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूर येथे कार्यक्रम सादर करीत असतानाच गेले, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. एका उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही. पण गाण्याला वयाची अट नाही, एवढे नक्की कळते.

येथे एक सावधगिरी हवी. मुळात ज्यांचे कान तल्लख, तेच संगीताकडे वळत असतील, अशीही शक्यता आहे. अलीकडच्या एका मोठ्या तपासणीत तरुण वादकांच्या ध्वनिग्रहणात अपेक्षित फरक दिसला नाही. म्हणून संगीत हे श्रवणयंत्राला पर्याय नव्हे. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत बहिरेपणाचा समावेश केला आहे. त्यामुळे तपासणी लांबवू नये. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

तसेच मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीपुढे लहान मुलांना उभे करू नये. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज दीर्घकाळ ऐकल्यास केशपेशी तरुणपणीच मरतात.

प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक तास ज्येष्ठांचे समूहगायन सुरू करता येईल. एक पेटी, एक ढोलकी आणि बसायला सतरंजी पुरे. आणि घरी त्यांच्याशी बोलताना ओरडू नये. समोर बसून, सावकाश, स्पष्ट बोलावे. त्यांना समजते.