एक लिटर सांडपाणी, पाच हजार लिटरांचा प्राणवायू

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या केळीबागा विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यावर उभ्या आहेत. रावेर-यावल पट्ट्यातल्या गाळाच्या थरांतले हे पाणी उपशामुळे आधीच खोल गेले आहे. याच भागात ऊसही पिकतो. शेजारच्या फैजपूरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो त्यामुळेच. म्हणून साखर करताना उरणाऱ्या मळीच्या सांडपाण्याचे विज्ञान इथल्या शेतकऱ्याला ठाऊक हवे.

मळी आंबवून मद्यार्क काढताना लिटरमागे साधारण 8 ते 15 लिटर तपकिरी सांडपाणी उरते. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. त्यातले सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ही प्राणवायूची गरज म्हणजे बीओडी. स्पेंट वॉशमध्ये ती लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्या घरात असते. स्वच्छ नदीच्या लिटरभर पाण्यात मात्र प्राणवायू असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. म्हणजे असे एक लिटर सांडपाणी 5,000 लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. मासे मरतात ते गुदमरून.

हे पाणी जमिनीत मुरले तर नुकसान अधिक टिकते. नदी पुरात धुऊन निघते. भूजल अतिशय सावकाश सरकते. नासलेली विहीर सुधारायला वर्षे लागतात.

जलप्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा 1974 चा. नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनींनी तर थेंबही बाहेर सोडायचा नाही. सर्वाधिक प्रदूषणकारी 17 उद्योगप्रकारांना 2014 पासून अखंड मोजणारी यंत्रे बसवण्याचे आदेश आहेत. पण यंत्र बसवलेली नळी टाळून रात्री नाल्यात सोडलेले पाणी त्या यंत्राला दिसत नाही. ते पकडायला माणूसच वेळेवर पोचावा लागतो. न्यायालयात टिकणारा नमुना अधिकाऱ्याने रीतसर नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करावा लागतो. बीओडीची चाचणीच 27 अंशांवर तीन दिवस चालते. तोवर नाल्यातले पाणी वाहून गेलेले असते.

म्हणून गावाची नजर महत्त्वाची. नाल्याचा रंग बदलला, वास आला, मासे तरंगले, तर तारीख, वेळ आणि छायाचित्रासह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयाकडे त्याच दिवशी लेखी तक्रार करा. कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातल्या अटी पाहायला मागा. अशा अटींची मंडळाची नोंदवही संबंधितांना खुली ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे. विहीर नासल्यावर भरपाई मिळेलही, पण पाणी लवकर परत मिळणार नाही.