ज्याने ऐकले, त्यानेच ठरवावे

गरिबाचा खटला सर्वोच्च न्यायालयात क्वचितच पोहोचतो. तो चालतो सरकारी कचेरीतल्या एका टेबलासमोर. टेबलापलीकडे अधिकारी, अलीकडे पिशवीत कागद घेऊन आलेली एखादी निराधार बाई, आणि प्रश्न एकच : पुढच्या महिन्यापासून घरात धान्य येणार की नाही? या अधिकाऱ्याचे नाव कधी वर्तमानपत्रात येत नाही. त्याच्या वर बसून त्याचे निकाल तपासणारा पर्यवेक्षक अधिकारी तर कोणालाच दिसत नाही. पण सरकारी मदत ही गरिबाचा हक्क आहे की साहेबाची मेहेरबानी, हे प्रत्यक्षात हीच दोन माणसे ठरवतात. म्हणून त्यांच्याकडे चळवळीने बारकाईने पाहिले पाहिजे.

ही व्यवस्था कशी घडली हे समजायचे तर न्यूयॉर्ककडे पाहावे लागेल. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयात 1965 साली गरिबांच्या कल्याणकारी हक्कांसाठी कायद्याची लढाई लढणारे एक केंद्र उभे राहिले. एडवर्ड स्पॅरर हे त्याचे संस्थापक. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये सरकारी मदत आधी बंद व्हायची आणि पूर्ण सुनावणी नंतर मिळायची. म्हणजे आधी उपाशी राहा, मग न्याय मागा! याविरुद्ध मदत बंद झालेले काही गरीब लोक न्यायालयात गेले. जॉन केली हे त्यांच्यापैकी एक, आणि म्हणून हा खटला 'गोल्डबर्ग विरुद्ध केली' या नावाने प्रसिद्ध झाला.

23 मार्च 1970 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी गरिबांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्यात मांडलेला विचार साधा होता. मदत ही केवळ दानधर्म नाही. पात्र माणसाची मदत तोडली तर तो निकालाची वाट पाहत असताना जगणार कशावर? म्हणून मदत बंद करण्यापूर्वी सुनावणी झालीच पाहिजे. त्या सुनावणीला न्यायालयाने अटीही घातल्या. कारणांसह आगाऊ नोटीस हवी. माणसाला तोंडी बोलता आले पाहिजे, कारण पुष्कळांना लेखी बाजू मांडण्याइतके शिक्षणच मिळालेले नसते. विरोधात बोलणाऱ्या साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत. सोबत वकील आणण्याची मुभा हवी. निकाल फक्त कायदा आणि सुनावणीत समोर आलेला पुरावा यांवर उभा असावा आणि त्यात कारणे लिहिलेली असावीत. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, ज्याने मदत तोडण्याच्या निर्णयात भाग घेतला, त्याने सुनावणी घेऊ नये.

न्यूयॉर्कमध्ये मदत तोडते स्थानिक कचेरी, पण अपील ऐकतो राज्य शासनाच्या वेगळ्या विभागाचा अधिकारी. नोटीस अमलात येण्याआधी मुदतीत अपील केले, तर निकाल लागेपर्यंत मदत साधारणतः चालू राहते. मात्र अपील हरले तर ती रक्कम परत वसूल होऊ शकते. मदत बंद करण्याचा निर्णय बरोबर होता हे कचेरीला सिद्ध करावे लागते. व्यवस्था निर्दोष नाही, पण तिच्यात माणसाला उभे राहायला जागा आहे.

आता पर्यवेक्षकाकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेणारा अधिकारी आपला अहवाल आणि शिफारस लिहितो, आणि अंतिम आदेश आयुक्तांच्या नावाने, त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत निघतो. मधल्या टप्प्यावर पर्यवेक्षक मसुदे तपासतो, नव्या अधिकाऱ्यांना शिकवतो, एकाच नियमाचे दहा टेबलांवर दहा अर्थ निघू नयेत हे पाहतो. हे काम गरजेचे आहे. पण ज्याने त्या बाईचा चेहरा पाहिला नाही, तिचे बोलणे ऐकले नाही, त्याने फायलीवर शेरा मारून तिचा निकाल फिरवला तर? किंवा 'तुम्ही फार अपिले मंजूर करता' असे हाताखालच्या अधिकाऱ्याला सुनावले तर?

ही शंका हवेतली नाही. अमेरिकेत 1980 नंतर अपंगत्वाचे लाभ देणाऱ्या केंद्रीय खात्याने नेमके हेच केले. जास्त अपिले मंजूर करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यांना वेगळे काढून त्यांच्या निकालांची खास तपासणी सुरू झाली. त्याच काळात, 1981 ते 1984 या वर्षांत, फेरतपासणीच्या नावाखाली सुमारे 4 लाख 90 हजार अपंगांचे लाभ बंद करण्याचे निर्णय झाले. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक लोकांचे लाभ अपिलात परत मिळाले. अपील ऐकणारा माणूस दबावाखाली वाकला असता, तर या दोन लाखांचे काय झाले असते? 1984 साली एका केंद्रीय न्यायालयाने खात्याच्या या मंजुरीच्या आकड्यांच्या ध्यासावर कठोर टीका केली, आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेला कायदा सुधारावा लागला. पुढे सायमन नॅश या न्यायाधिकाऱ्याच्या खटल्यात 1989 साली अपील न्यायालयाने मर्यादा आखून दिली : काम वेगाने करा असे वरिष्ठ सांगू शकतो, पण अपिले कमी मंजूर करा असा दबाव तो आणू शकत नाही.

इथे कोणी म्हणेल, अमेरिकेच्या या गोष्टी आमच्या काय कामाच्या? तर हेच तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1959 सालीच सांगितले आहे. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या खटल्यात आंध्र प्रदेशात बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावरील हरकती परिवहन खात्याच्या सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. न्यायालयाने दोन्ही गोष्टी चूक ठरवल्या. ज्या खात्याचा प्रस्ताव, त्याच खात्याने सुनावणी घेणे चूक. आणि एकाने ऐकायचे, दुसऱ्याने ठरवायचे, हेही चूक, कारण मग सुनावणी हा केवळ उपचार उरतो. 1985 साली मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या खटल्यातही न्यायालयाने, माणसाचे म्हणणे ऐकून घेणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, हे मान्य केले.

मग आपल्या कचेऱ्यांत काय दिसते? माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात पहिले आणि दुसरे अपील त्याच यंत्रणेतल्या वरिष्ठांकडे, आणि स्वतंत्र आयोग थेट तिसऱ्या अपिलात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी दिला, पण बऱ्याच राज्यांनी ते काम आहे त्याच जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या गळ्यात टाकले. म्हणजे शेताच्या बांधावर ज्याच्याशी भांडण, पंच म्हणून त्याचाच थोरला भाऊ! मार्च 2021 मध्ये सुमारे तीन कोटी रेशनकार्डे रद्द झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयानेही हा विषय गंभीर मानला. आधार जुळले नाही, अंगठा उमटला नाही, म्हणून यंत्र नाव उडवते. यंत्रासमोर बाजू मांडता येत नाही. म्हणूनच माणसाचे ऐकणाऱ्या माणसाची गरज आज अधिक आहे.

घटनेचे रूप न बदलता, केवळ कारभाराचे रूप बदलून घटना विकृत करता येते, असा इशारा बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत दिला होता. हक्क कागदावर तसाच ठेवायचा आणि अपिलाचा दरवाजा त्याच बाबूच्या केबिनमध्ये उघडायचा, हा त्याच विकृतीचा नमुना नव्हे काय?

म्हणून चळवळीच्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. नाव कमी करण्यापूर्वी लेखी आणि मराठीत नोटीस द्या. अपिलाचा निकाल लागेपर्यंत धान्य आणि अनुदान चालू ठेवा. अपील ऐकणारा अधिकारी त्या खात्याबाहेरचा असू द्या. ज्याने ऐकले त्यानेच निकाल लिहावा. वरिष्ठाला तो बदलायचा असेल, तर त्याने अर्जदाराला पुन्हा बोलवावे आणि आपली कारणे आदेशात सहीनिशी लिहावीत. फायलीतले शेरे अर्जदाराला पाहायला मिळावेत.

आणि आपल्या तरुणांनी, विशेषतः कायदा शिकणाऱ्यांनी, मोर्च्यानंतर तहसीलच्या पायरीवरही बसले पाहिजे. नाव कापले गेलेल्या माणसासोबत सुनावणीला जा, त्याच्या वतीने बोला, लेखी आदेश मागा, आणि आदेशात कारण नसेल तर ते लिहिल्याशिवाय उठू नका.