मुनीमजींची कच्ची वही

कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या बाजूने वारा आला की धान्याच्या ओट्यांवरचा हर्रास दोन शिंकांपुरता थांबतो. मग पुन्हा सुरू. खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो. कोणी सोयाबीनमध्ये कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढतो, कोणी दाणा दाताखाली फोडून ओल बघतो. बोली पाच-दहा रुपयांनी चढते, शेवटचा आकडा दोनदा पुकारला जातो, चिठ्ठी पडते. पुढचा ढीग. एवढ्या घाईतही भाव कुठवर आला, समोरचा किती अडून बसलाय, आपण सोडायचं की आणखी पाच म्हणायचं, हे घोळक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मी इथे येतो ते अडत दुकानांत बिलाचं सॉफ्टवेअर बसवायला आणि शिकवायला. हर्रास संपला की दुकानात हिशेबपट्टी होते: शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा, खाली निव्वळ रक्कम. वर्षानुवर्षं हे काम कार्बन घातलेल्या पट्टीबुकात चालत आलंय. केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार सुरू केला, त्यात तर गेटवरची नोंद, लॉटचा क्रमांक, प्रतवारी, बोली, वजन आणि पैसे अशी अख्खी साखळीच संगणकावर घ्यायची योजना आहे. त्यापुढे माझी पट्टी म्हणजे एक कडी. पण ती कडी लावताना माझ्या नाकी नऊ आले.

ज्या दुकानाबद्दल सांगतोय तिथले मुनीमजी साठीच्या पुढचे. पहिल्या दिवशी मी त्यांना दोन तास सगळं समजावलं. पडद्यावर चौदा रकाने होते. गावाचा कोड राहिला की लाल पाटी, वाणाचा प्रकार राहिला की लाल पाटी, आणि एकदा बटण दाबलं की पट्टी पक्की. दुरुस्तीला मालकाचा पासवर्ड. बाहेर शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेले. तिसऱ्या दिवशी गेलो तर संगणकावर टॉवेल पांघरलेला आणि मुनीमजी कार्बनवर रेघ मारत बसलेले.

“काऊन मुनीमजी, बंद केलं?”

“चुकलं का लाल होते ना भाऊ. चार लोकांसमोर. या वयात मले शाळा नाही पाहिजे.”

माझ्या वयाच्या पुष्कळांना माऊस धरायला कोणी शिकवलं नाही. १९९० साली विंडोज ३.० बरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला आणि लाल सातवर काळी सहा ओढून ठेवता ठेवता हात बसला. त्याच्या पाच वर्षं आधीच्या सुपर मारिओ या खेळाचं तर शिकवणं दिसतही नाही. पहिल्याच पडद्यावर मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. सूचना एकही नाही. उजवीकडे चालायचं हे त्या रिकाम्या जागेवरून कळतं, समोरून एक भुवया चढवलेला प्राणी येतो आणि उडी मारायची हे त्याच्याकडून कळतं. मेलात तर काही सेकंद वाया जातात, पुन्हा तिथूनच चालू. मरण इतकं स्वस्त असल्यावर माणूस बटणं दाबून बघायला घाबरत नाही.

माझ्या पडद्यावर मरण महाग होतं.

आमच्या कंपनीला मात्र खेळ म्हटल्यावर आधी गुण सुचले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही वर्ड-एक्सेलमधली वेगवेगळी कामं करून दाखवली की गुण देणारा ‘रिबन हिरो’ काढला होता. २०१७ मध्ये गूगलचं पैसे पाठवायचं ‘तेज’ ॲप आलं, त्यातली स्क्रॅच कार्डं तर इथल्या चहाटपरीवरही खरवडली जायची. म्हणून आम्हीही दिवसाकाठी जास्त पट्ट्या करणाऱ्याला तारे द्यायचं ठरवलं. दुकानातल्या पोऱ्याने आठवडाभर तारे लुटले. मग त्याने ४,६४० चा भाव ४,४६० मारला. माल २० क्विंटल, फरक ३,६०० रुपयांचा. पट्टी हातात पडताच शेतकऱ्याने तिथेच बोटांवर हिशेब केला आणि दुकान डोक्यावर घेतलं. तारे त्याच संध्याकाळी काढले. खरं तर बाजारात आधीच पैशांवर डाव चालू असतो, त्याच्या शेजारी आमचे तारे म्हणजे चिंचोके.

उपाय मुनीमजींच्या गादीखालीच होता. त्यांच्याकडे दोन वह्या. हर्रासातून आलेल्या चिठ्ठ्या आधी कच्च्या वहीत उतरायच्या. खोडाखोड, समासात बेरजा, कुठे नुसतं ‘चना, काटोलवाला’ एवढंच. दुपारी जेवण झालं की त्यातून पक्कं. या धंद्यात कच्च्यात चुकण्याची मुभा पिढ्यान् पिढ्या आहे. आम्ही ती वही उडवून माणसाला थेट पक्क्यात ढकललं होतं.

मग पडद्यावर ‘कच्चं’ असं एक पान केलं. रकाने तीनच: नाव, वजन, भाव. हमाली-तोलाईचे दर यंत्र आपणहून भरणार. लाल पाटी नाही. राहिलेला रकाना नुसता पिवळा, आणि पक्कं करायच्या वेळी तेवढाच विचारायचा. वाटेल तेव्हा खोडा, कोणाचा पासवर्ड नको. सरावाला कालच्याच पट्ट्या दिल्या, ज्यांची उत्तरं मुनीमजींना पाठ होती. गावाचा कोड दुसऱ्या आठवड्यात आला, वाण तिसऱ्यात. हे सगळं ऐन हंगामात न करता आवक उतरल्यावर केलं, ही अक्कलही उशिराच आली.

टॉवेल निघाला. पण मुनीमजी बेरजेचं बटण लगेच दाबत नसत. डोळे मिटायचे, ओठ हलायचे, अंगठा पेरांवरून फिरायचा. मग बटण. आकडा जुळला की “मिळालं” असं पुटपुटून पुढची चिठ्ठी. हा खेळ आमच्यापैकी कोणी रचलेला नव्हता. पोऱ्याही त्यात ओढला गेला: आकडा जुळला नाही तर मुनीमजी खरे की यंत्र खरं. नव्वद टक्के वेळा यंत्र खरं, पण त्या उरलेल्या दहासाठी पोरगा काम टाकून यायचा.

गेल्या खेपेला मी बसलो असताना ३८ कट्ट्यांची पट्टी आली. डोळे मिटले, अंगठा फिरला, बटण दाबलं. मुनीमजी काही बोलले नाहीत. पुन्हा डोळे मिटले. पोऱ्या येऊन मागे उभा राहिला.

“अडतीसचा फरक येऊन राह्यला.”

मी पडद्यावर वजन पाहिलं, भाव पाहिला, गुणाकार पाहिला. सगळं बरोबर.

“कट्ट्यामागं रुपया वाढला ना हमालीचा, दिवाळीपासून,” मुनीमजी म्हणाले. “तुमच्या डब्ब्याले सांगतलं नाही का कोणी?”

सांगायचं मीच राहिलो होतो. पोऱ्याने ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं “मुनीमजी खरे!” म्हणून ओरडून घेतलं, आणि मी दरांचं पान उघडून बसलो.