जुने भूमिगत नळ न उकरतां दुरुस्त कसे करावे?

कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांच्या कांठीं उपसा जलसिंचनाच्या ज्या सहकारी योजना उभ्या राहिल्या, त्यांपैकीं पुष्कळांचे नळ आतां जुने झाले आहेत. नळ घातले तेव्हां वरची जमीन मोकळी होती. आज तिच्यावर उभा ऊस आहे, डांबरी सडक आहे, कोठें कोठें घराची पडवीहि आली आहे. अशा नळास गळती लागली म्हणजे प्रथम कुदळ आठवते, व हल्लीं कुदळीची जागा जेसीबीनें घेतली आहे. परंतु नळ आपला असला तरी वरचें शेत बहुधा दुसऱ्याचें असतें. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या ४९ व्या कलमान्वयें दुसऱ्याच्या जमिनींतून पाणी नेण्यास तहसीलदार परवानगी देऊं शकतो. पण दुरुस्तीसाठीं आंत शिरण्यापूर्वीं त्या खातेदारास वाजवी सूचना द्यावी, आणि जमिनीची व उभ्या पिकाची होईल तितकी कमी हानि करावी, हें बंधनहि तेंच कलम घालतें. दहा महिन्यांच्या उसांतून चर खणून हें बंधन पाळावें कसें? म्हणून नळ जागच्या जागीं ठेवून आंतून सुधारण्याच्या ज्या पद्धति आज उपलब्ध आहेत, त्यांचा विचार येथें करूं.

मात्र रोगाची परीक्षा आधीं व्हावी. शेवटच्या चेंबरवर पाणी कमी पडूं लागलें कीं नळ गेला असें समजून ठेकेदारास बोलावण्याची घाई आमच्या लोकांत फार आहे. पंपाजवळच्या दाबमापकाकडे पाहावें. दाब पूर्वीपेक्षां वाढला व पाणी घटलें, तर नळ आंतून चोंदला आहे, एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला आहे, किंवा उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह अडकून तेथें हवा कोंडली आहे. शेवटचें कारण निघालें तर खर्च किरकोळ असतो. दाब व पाणी दोन्ही घटलीं असतील, तर नळ फुटला आहे अगर पंपाचा पंखा झिजला आहे. पंप नेहमींचा सेंट्रिफ्यूगल असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह क्षणभर पूर्ण बंद करून दाब पाहावा. कारखान्याच्या तक्त्यांतील आंकड्याहून तो बराच कमी भरला तर दोष पंपाचा समजावा. अधिक वेळ तसा चालवूं नये, आंतील पाणी तापतें. पंप निर्दोष ठरल्यावर नळ भरून, दोन दोन व्हॉल्व्हांमधील तुकडा बंद करून कोणत्या तुकड्यांतील दाब उतरतो तें पाहावें. गळती एकाच सांध्याची असेल तर तेथें एक खड्डा काढणें हाच शहाणपणा. पुढील पद्धति त्यासाठीं नव्हेत.

सांधे जागोजाग गेले असतील, किंवा लोखंड गंजून पातळ झालें असेल, तर सर्वांत सरळ उपाय म्हणजे नळांत नळ घालणें. पॉलिएथिलीनच्या नळाचे तुकडे तापलेल्या लोखंडी तबकडीवर तोंडाशीं वितळवून एकमेकांवर दाबतात. सांधा थंड झाला म्हणजे सर्व मिळून एकच अखंड नळ होतो. एका टोंकास खड्डा काढून तो आंत सोडावयाचा व दुसऱ्या टोंकाकडून तारदोरानें ओढून घ्यावयाचा. पण येथें हिशेब विसरूं नये. समजा, जुना नळ आंतून ३०० मि.मी., म्हणजे बारा इंची आहे. त्यांत २५० मि.मी. बाह्य व्यासाचा, १० किलो दाबाच्या प्रतीचा नवा नळ ओढला, तर त्याची जाडी सुमारे १५ मि.मी. असल्यानें पाण्यास वाट उरते २२० मि.मी.ची. वाटेचें क्षेत्रफळ जवळ जवळ निम्में झालें. तथापि नवा नळ अत्यंत गुळगुळीत असतो. जुना नळ गंजाच्या गांठींनीं भरलेला बिडाचा असेल, तर तितक्याच घर्षणांत पूर्वीच्या सुमारें पांच षष्ठांश पाणी मिळेल. पण तो आंतून स्वच्छ असलेला सिमेंटचा ह्यूम पाईप असेल, तर तीन पंचमांशच मिळेल. आणि पूर्वीइतकें पाणी रेटावयाचें म्हटल्यास घर्षणाचा भार सुमारें अडीचपट होईल. चढाचा भार बदलत नाहीं, परंतु दोन मैलांच्या नळांत घर्षणाचा वाटा लहान नसतो, व तो दरमहा विजेच्या बिलांत उतरतो. ‘नळ गुळगुळीत आहे, पाणी कमी होणार नाहीं’ असें सांगणाऱ्या ठेकेदाराकडून हा हिशेब लेखी घ्यावा.

या नळाचा आणखी एक स्वभाव ध्यानांत ठेवावा. तो उष्णतेनें फार वाढतो. भर दुपारीं उन्हांत तापलेला शंभर मीटर नळ आंत ओढला व तो वीस अंशांनीं निवला, तर फुटाहून अधिक आंखडतो. म्हणून टोंकें एक रात्र मोकळीं ठेवून मगच जोडावीं, व दोन नळांमधील पोकळी सिमेंटच्या पातळ गाऱ्यानें भरावी.

व्यास इतका घटवावयाचा नसेल तर अस्तराची पद्धति आहे. इंग्लंडांत एरिक वुड यांनीं ती काढली व १९७१ सालीं लंडनच्या हॅकनी भागांतील विटांच्या जुन्या गटारांत सुमारे ७० मीटर लांबीवर प्रथम वापरली. राळेंत भिजविलेली नमद्याची लांब पिशवी पाण्याच्या दाबानें, अंगरख्याची बाही उलटावी तशी, नळांत उलटत नेतात. ती भिंतीस चिकटली कीं गरम पाणी किंवा वाफ सोडून घट्ट करतात. शहरच्या गटारांत हिचा प्रसार पुष्कळ झाला. आपले नळ मात्र दाबाचे असतात; त्यांसाठीं अस्तर निराळ्या मजबुतीचें करावें लागतें व खर्च चढतो. सडकेखालच्या किंवा घराखालच्या तुकड्यापुरतीच ती परवडेल असें आमचें मत आहे.

लोखंडी नळ मजबूत असून केवळ गंजानें चोंदला असेल, तर तो खरडून आंतून सिमेंटचा गिलावा फिरत्या यंत्रानें फेंकतात. सिमेंटच्या क्षारामुळें पुढचा गंज थांबतो. भोंकें पडलेल्या नळास यानें बळ येत नाहीं.

ब्रिटनच्या गॅसखात्यासाठीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेली चौथी पद्धति म्हणजे शंकूसारख्या पहारीनें जुना नळ जमिनींतच फोडीत जाणें व तिच्यामागें नवा ओढणें. यांत व्यास घटत नाहीं. बिडाचा किंवा भाजलेल्या मातीचा नळ असा फुटतो. ह्यूम पाईपांत सळईचा पिंजरा असल्यानें तो सहसा दाद देत नाहीं. नळ उथळ असेल तर वरची जमीन फुगते. आणि ॲस्बेस्टॉस सिमेंटचा नळ फोडूं नये, कोरडा कापूं तर मुळींच नये. त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे.

‘न उकरतां’ हा शब्द थोडा सैल आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. दोन टोंकांचे खड्डे लागतातच. मोठ्या वळणावर एक लागतो, आणि नळांत नळ घातला तर प्रत्येक आउटलेट नव्यानें जोडण्यासाठीं तेथेंहि उकरावें लागतें. दर शेतास आउटलेट असलेल्या पोटनळावर या पद्धतीचा लाभ फारसा उरत नाहीं. नदीपासून वितरण हौदापर्यंतच्या मुख्य नळावर तो पुरा मिळतो. यास्तव ठेका देण्यापूर्वीं आउटलेट, वळणें व व्हॉल्व्ह दाखविणारा नकाशा, जुन्या माणसांस विचारून कां होईना, तयार करावा. जोडलेला नळ पसरण्यास जितकी लांबी ओढावयाची तितकी मोकळी जमीन खड्ड्यामागें लागते. तेव्हां ज्या शेतांत खड्डा काढावयाचा, त्यांतला ऊस तुटल्यावर व खोडव्यास पहिलें पाणी देण्याच्या आंत काम उरकेल अशा बेतानें त्या खातेदारास आगाऊ सूचना द्यावी.