नाणं कुठं सापडलं, हे सांगायला हवं

नाण्यांचा छंद आपल्या परभणी जिल्ह्यात बहुतेकदा घरातच सुरू होतो. आजीच्या गाठोड्यात, देवघरातल्या डबीत किंवा जुन्या संदुकीच्या तळाशी चारमिनार कोरलेला चांदीचा रुपया किंवा पावली सापडते आणि तिथून पोराला नाद लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. इथं चालायचा तो हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब असे. राज्य गेल्यावरही हाली सिक्का १९५९ पर्यंत टिकून होता.

पुढं हा छंद वाढतो. हालीनंतर शिवराई हवीशी वाटते, शिवराईनंतर सातवाहनांचं शिशाचं नाणं, आणि मग सोन्याच्या होनाची स्वप्नं पडू लागतात. इथं पैशाचा प्रश्न येतो. मला उर्दू लिपी येते. जुन्या नाण्यांवरची फारसी अक्षरं थोडीफार लावता येतात. म्हणून गावातले तरुण नाणी घेऊन माझ्याकडे येत असतात. अलीकडे त्यांच्यापैकी काहींच्या तोंडी एक नवी युक्ती ऐकू येते. मेटल डिटेक्टर विकत घ्यायचा, सुट्टीच्या दिवशी शेतात, नदीकाठी, पडक्या गढीपाशी फिरायचं, सापडतील ती नाणी विकायची आणि त्या पैशातून आपल्याला हवी ती नाणी घ्यायची. म्हणजे छंदाचा खर्च छंदानंच भागवायचा. ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. पण ते नीट तपासून पाहू या.

आधी यंत्राबद्दल. मेटल डिटेक्टरच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळवली की भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात धातू आला की त्याच्यातही बारीक प्रवाह उठतात. त्या प्रवाहांचं उलट येणारं क्षेत्र यंत्र टिपतं आणि आवाज करतं. तत्त्व एवढंच आहे. सुटं नाणं या यंत्राला साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळतं. दहा फूट खाली पुरलेला हंडा दाखवणारं यंत्र म्हणून जे विकलं जातं, त्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात लोहाचा अंश भरपूर असल्यानं यंत्र नुसत्या मातीवरही ओरडू लागतं. उरलेला वेळ खिळे, नटबोल्ट, बैलाच्या नाला, बाटल्यांची झाकणं आणि गुटख्याच्या पुड्या उकरण्यात जातो. दिवसभराच्या मेहनतीनंतर एखादी झिजलेली शिवराई हाती लागली, तरी ती बाजारात ढिगानं मिळते. यंत्राचे पैसे त्यातून निघणं अवघड.

मग ही कल्पना आली कुठून? मुख्यतः इंग्लंडातून. तिथं हजारो लोक शेतमालकाची परवानगी घेऊन हा छंद करतात. १९९२ साली सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी पीटर व्हॉटलिंग नावाच्या शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचे मित्र एरिक लॉज यंत्र घेऊन ती शोधायला गेले आणि त्यांना रोमन काळातला ठेवा सापडला. त्यात सोन्याचांदीचे दागिने, चमचे आणि सुमारे १५ हजार नाणी होती. लॉज यांनी सगळं उकरून घरी नेलं नाही. थोडं वर आलं तसं त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. त्यामुळं पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जागेवरच, जसा पुरला होता तसा अभ्यासता आला. सरकारनं साडेसतरा लाख पौंड बक्षीस दिलं आणि लॉज यांनी त्यातला वाटा शेतकऱ्याला दिला. ती हातोडीही सापडली, आणि तीसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये जमा झाली.

तिथं हे जमतं, कारण तिथला कायदा बाजारभावानं मोबदला देतो. १९९६ मध्ये त्यांनी ठेव्यांविषयी नवा कायदा केला आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून किरकोळ सापडलेल्या वस्तूंचीही नोंद करणारी योजना सुरू केली. सांगणाऱ्याचं नुकसान होत नाही, म्हणून लोक सांगतात.

आपल्याकडचा कायदा १८७८ सालचा आहे. त्याचं मराठी नाव भारतीय निखात निधी अधिनियम. निखात निधी म्हणजे जमिनीत पुरलेलं धन, आपल्या बोलीत दफिना किंवा गुप्तधन. दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडला, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवलं पाहिजे. काय सापडलं, किती सापडलं, कुठं आणि कधी, हे त्यात लिहायचं. ठेवा सरकारी तिजोरीत जमा करायचा किंवा त्याची हमी द्यायची. चौकशीत त्याला कुणी धनी नाही असं ठरलं आणि सरकारला तो नको असला, तर तो सापडणाऱ्याला मिळतो. जमिनीच्या मालकानं हक्क सांगितला आणि दोघांत आधी काही ठरलेलं नसलं, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा मालकाचा. सरकारला ठेवा हवा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्याखेरीज १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं ही पुराणवस्तू ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या जागी परवानगीशिवाय खोदणं हा तर १९५८ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. म्हणजे सापडलेली नाणी गुपचूप विकून संग्रह उभा करायची युक्ती पहिल्याच पायरीवर कायद्यात अडकते.

या कायद्यात खोट आहे, हेही खरं. शिशाच्या नाण्याला शिशाची किंमत आणि वर वीस टक्के मिळणार असतील, तर गरीब मजूर कचेरीची पायरी कशाला चढेल? तो सोनाराकडे जातो आणि नाणी मुशीत वितळतात. १८७८ चे दहा रुपये अजून कायद्यात तसेच आहेत. मोबदला वाढला पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी एक मोठं कारण उरतं आणि मला तेच सांगायचं आहे.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी होती तेरा हजारांहून जास्त, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव करून सातवाहनांनी हा मुलूख परत मिळवला, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. आता समजा, ती नाणी पाच-पाच, दहा-दहा करून विकली गेली असती. कुणाकडे छाप मारलेलं नाणं गेलं असतं, कुणाकडे बिनछापाचं. दोन्ही एकाच मडक्यात होती, ही गोष्टच कुणाला कळली नसती.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. त्याच्या पलीकडे, आजच्या वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळा नावाचं गाव आहे. १९३९ मध्ये तिथं सातवाहनांच्या मिश्रधातूच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. त्यात सोनं नव्हतं की चांदी नव्हती. मोडीत घालायची तर चहापाण्याचेही पैसे आले नसते. तो साठा महामहोपाध्याय वा. वि. मिराशींच्या हाती अभ्यासासाठी आला. त्यांनी एकेक नाणं वाचलं, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी राजांची नावं उजेडात आली. पुराणांतल्या याद्यांत ही नावं नाहीत. हे राजे या मातीवर राज्य करून गेले आणि सतराशे वर्षं कुणाला त्यांची नावं ठाऊक नव्हती. एका मडक्यानं ती सांगितली.

नाणं म्हणजे साक्षीदार. पण साक्षीदाराला कोर्टात पहिला प्रश्न विचारतात, तू त्या वेळी कुठं होतास? जागा सुटली की साक्ष गेली. पाथरीचंच घ्या. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. या गावासाठी वऱ्हाडची इमादशाही आणि नगरची निजामशाही एकमेकींशी लढल्या. पाथरीच्या शिवारात तांब्याचा एखादा फलूस मिळाला, तर व्यापाऱ्याच्या ताटलीत त्याला फारसं मोल नाही. पण तो कुठल्या शेतात, कुठल्या थरात, कशाबरोबर मिळाला हे लिहिलेलं असेल, तर इथल्या बाजारात कुणाचं नाणं चालत होतं ते तो सांगेल.

मग सामान्य माणसानं संग्रह करूच नये का? जरूर करावा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांचं उदाहरण समोर आहे. ते व्यापारी होते, पुरातत्त्वाचे प्राध्यापक नव्हते. तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. तिथल्या पांढरीतून वर येणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या. तो संग्रह आज त्यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात आहे आणि अभ्यासक तो पाहायला तेरला जातात. पैठणच्या बाळासाहेब पाटलांचं कामही तसंच. या संग्रहांचं बळ कशात आहे? ते एका गावाचे आहेत, आणि ते फुटले नाहीत. चांगल्या वस्तूसाठी साधी वस्तू विकत गेले असते, तर शेवटी दहा देखण्या वस्तू उरल्या असत्या आणि तगर नगर नाहीसं झालं असतं.

आता पैशाचं. छंद स्वस्तात करता येतो. घरोघरच्या हाली नाण्यांपासूनच सुरुवात करा. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं. ‘मीम’ असेल तर नाणं महबूब अलींचं, ‘ऐन’ असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अलींचं. हिजरी साल आणि राज्यारोहणाचं वर्षही नाण्यावर असतं. सालवार मालिका लावायची म्हटली, तर दहा वर्षं पुरेल एवढं काम आहे. रीतसर घेतलेली जादा नाणी दुसऱ्या संग्राहकाशी बदलून घ्या. महाग नाणं घेताना पावती घ्या. शिवाजी महाराजांच्या होनाच्या बनावट प्रती बाजारात पुष्कळ फिरतात, हे विसरू नका. आणि शिकायचं असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे.

गुप्तधनाच्या नादाला मात्र लागू नका. मांत्रिक, पायाळू माणूस आणि अमावस्येची रात्र यांनी आपल्याकडे घरं धुळीला मिळवली आहेत, जीवही गेले आहेत. म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या बहाण्यानं होणारे अघोरी प्रकार गुन्हा ठरवले आहेत.

शेवटी एवढंच. नांगराला, विहिरीच्या खोदाईत किंवा माळवदावर टाकायला पांढरी माती आणताना काही लागलं, तर हात थांबवा. मडकं फोडू नका. नाणी चिंचेनं घासून चकचकीत करू नका, त्यानं अक्षरं जातात. जागेचा फोटो काढा, तारीख लिहा, तलाठ्याला किंवा तहसीलदारांना सांगा, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मोबदला कदाचित थोडाच मिळेल. पण तऱ्हाळ्याच्या त्या मडक्यात तीन राजे होते. तुमच्या शेतात कोण आहे, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)