दोन सह्यांतून उभं राहणारं न्यायालय

मोठ्या करारांत शेवटाकडे एक छोटा परिच्छेद असतो. या करारातून वाद निर्माण झाल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल, एवढाच त्याचा मजकूर. दर, मुदत, दंड यांवर रात्र रात्र घासाघीस करणारी माणसं इथे आल्यावर पान उलटतात आणि सही करतात. त्या सहीने काय घडतं हे नीट पाहिलं, तर थक्क व्हायला होतं. दोन खासगी पक्षांनी आपल्यापुरतं एक न्यायालय उभं केलेलं असतं.

त्याचा न्यायाधीश कोण असेल, हेही तेच ठरवतात. निवृत्त न्यायमूर्ती, स्थापत्य अभियंता, सनदी लेखापाल, कुणीही चालतो. वकिलीची सनद लागत नाही, सरकारी नेमणूक लागत नाही. तरीही वाद उभा राहिल्यावर एक पक्ष दिवाणी न्यायालयात गेला आणि दुसऱ्याने वेळेत लवादाचं कलम दाखवलं, तर न्यायालय प्रथमदर्शनी ते कलम आहे एवढं पाहून दोघांना लवादाकडे पाठवतं. आणि लवादाचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. १९९६ च्या लवाद आणि सलोखा कायद्याने हे सगळं दिलं आहे.

कल्पना आपल्याला नवी नाही. मराठेशाहीत पंचायत बसण्याआधी वादी आणि प्रतिवादी दोघेही पंचांचा निर्णय मान्य करू, असं लिहून देत; हरलेल्याकडून हार मान्य असल्याचं यजितखत घेतलं जाई. पंचांची ताकद अशी आधी लिहून दिलेल्या संमतीत होती, आणि आजच्या लवादाचीही तिथेच आहे.

या कायद्यातलं सगळ्यात विलक्षण कलम मला सोळावं वाटतं. समजा, एक पक्ष म्हणाला की हा करारच रद्दबातल आहे. मग त्यातलं लवादाचं कलमही बाद झालं, आणि लवादाला बोलायचा अधिकारच उरला नाही, असं साधं तर्कशास्त्र सांगेल. कायदा तसं मानत नाही. लवादाचं कलम हा मूळ कराराच्या पोटातला एक स्वतंत्र करार समजला जातो. त्यामुळे आईच्या वैधतेचा निर्णय पोटातलं मूल देऊ शकतं! एवढंच नाही, तर आपल्याला हा वाद ऐकण्याचा अधिकार आहे की नाही, हेही आधी लवाद स्वतःच ठरवतो. (सहीच खोटी असेल तर गोष्ट वेगळी, मग ते कलमही कोसळतं.)

दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा लवादाला बांधत नाहीत. सुनावणी चालू असताना मालमत्ता विकू नका, बँक हमी वटवू नका, असे अंतरिम आदेश तो देऊ शकतो. पण साक्षीला यायला कुणी नकार दिला, तर समन्सची सक्ती त्याच्या हाती नाही. ती मदत न्यायालयाकडे मागावी लागते. काही वाद तर त्याच्याकडे जातच नाहीत. फौजदारी गुन्हे, घटस्फोट, अज्ञान मुलाचं पालकत्व, दिवाळखोरी, मृत्युपत्राची सिद्धता या गोष्टींचा परिणाम दोन पक्षांपुरता राहत नाही, म्हणून त्या न्यायालयांकडेच राहतात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही यादी स्पष्ट केली.

लवादाची खरी सीमा मात्र कुठे आहे, हे एका महामार्गाच्या कंत्राटाने दाखवलं. झाशी ते लखनादौन रस्त्याचा चौपदरी तुकडा, सुमारे २१९ कोटींचं काम, कंत्राटदार कोरियाची सँगयाँग कंपनी, समोर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. सिमेंट, पोलाद यांच्या भाववाढीची भरपाई घाऊक किंमत निर्देशांकावर ठरायची. त्या निर्देशांकाचं पायाभूत वर्ष होतं १९९३-९४. सप्टेंबर २०१० मध्ये सरकारने २००४-०५ पायाभूत धरून नवी मालिका आणली. दोन मालिकांचे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्राधिकरणाने एक परिपत्रक काढून जोडणीचं आपलं सूत्र लागू केलं. कंपनी म्हणाली, हे आमच्या करारात नाही.

तीन लवादांपैकी दोघांनी परिपत्रक मान्य केलं. त्यासाठी त्यांनी सरकारच्या अशा मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला, ज्या कुणी पुराव्यात दाखलच केल्या नव्हत्या. तिसऱ्याने वेगळं मत लिहिलं: परिपत्रक कराराबाहेरचं आहे. दिल्ली उच्च न्यायालयात बहुमताचा निवाडा टिकला. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि घटनेच्या १४२ व्या कलमाखालचा विशेष अधिकार वापरून एकट्या तिसऱ्या लवादाचा निवाडा कायम केला. राजी नसलेल्या पक्षावर करारातला एकतर्फी बदल लादता येत नाही, हे त्यामागचं कारण.

याच निकालपत्रात हेही म्हटलं आहे, की लवादाने कायदा चुकीचा लावला किंवा पुरावा चुकीचा तोलला, एवढ्यावरून निवाडा रद्द होत नाही. म्हणजे लवादाला चुकायची मुभा आहे, करार नव्याने लिहायची नाही. मला हा भेद फार सुंदर वाटतो. ज्या कागदातून त्याचा अधिकार जन्मला, त्याच कागदावर तो खाडाखोड करू शकत नाही. आपल्याला न्याय्य वाटेल तसं ठरवायचं, तर तेवढा अधिकारही दोन्ही पक्षांनी स्पष्ट शब्दांत द्यावा लागतो.

म्हणून सही करण्याआधी तो परिच्छेद वाचा. लवाद किती, त्याचं स्थान कुठलं, आणि मुख्य म्हणजे नेमणार कोण, हे पाहा. एकाच पक्षाला एकमेव लवाद नेमण्याचा अधिकार देणारी कलमं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी संस्थांच्या खासगी पक्षांशी झालेल्या करारांत घटनाबाह्य ठरवली आहेत. आणि निवाडा विरोधात गेला, तर तारीख लिहून ठेवा. तो हाती पडल्यापासून आव्हानाला ३ महिने मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस. त्यापुढे उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही.