पिंप, पीपायी आणि डिचोलीचं मडकं

आजोळ एका भाषेचं आणि घर दुसऱ्या भाषेचं, हे आपल्या सीमाभागात नवलाचं नाही. न्हाणीघरात पाणी साठवायच्या भांड्याला एक आजी ‘पिंप’ म्हणते, दुसरी ‘पीपायी’. नातवंडांना वाटतं, एक मराठी शब्द आणि एक कानडी. खरं तर दोन्ही शब्द एकाच पाहुण्याची लेकरं आहेत. पोर्तुगीज भाषेत ‘पिपा’ म्हणजे लाकडी फळ्यांचं मोठं पिंप. गोव्याला येणाऱ्या गलबतांवर पाणी, तेल, वाइन सारं याच पिंपांतून यायचं. माणसं गेली, गलबतं गेली, शब्द मात्र दोन्ही घरांत राहिला. पिंपाला लावायचं ‘बूच’सुद्धा मूळचं तिकडचंच.

पण हे लाकडी पिंप बनतं कसं? त्यात खिळा नसतो की डिंक नसतो, तरी थेंब गळत नाही. यातली कारागिरी समजून घेण्यासारखी आहे.

लाकूड लागतं ओकचं. सागवान, फणस आपल्याला ओळखीचे, पण वाइनच्या पिंपासाठी युरोपातला ओक आणि अमेरिकेतला पांढरा ओक हीच झाडं मानाची. त्यांच्या लाकडाची घडण अशी, की रस आरपार झिरपत नाही. युरोपातला ओक करवतीने वाटेल तसा कापून चालत नाही. लाकडाच्या रेषेप्रमाणे तो फोडावा लागतो, नाहीतर त्या रेषेतूनच गळती लागते.

फोडलेल्या फळ्या उघड्या आवारात रचून ठेवतात. ऊन, पाऊस, वारा खात त्या दोन-तीन वर्षं तशाच पडून असतात. लाकडातला कडू तुरटपणा पावसाने धुऊन जातो. आपल्याकडे लोणचं मुरावं लागतं, तिथे भांडंच आधी मुरतं!

मग प्रत्येक फळी मधे रुंद आणि टोकांना निमुळती तासतात. कडांनाही बेताचा उतार देतात. अशा तीसेक फळ्या लोखंडी कड्यात उभ्या केल्या, की वरचं तोंड जुळतं आणि खाली घागऱ्यासारखा घेर पसरतो. आता आत छोटी शेकोटी पेटवतात आणि बाहेरून ओला हात फिरवतात. ऊब आणि ओल मिळाली की ताठ फळी नरमते. दोर आवळून पसरलेला घेर जवळ आणतात आणि दुसरं कडं ठोकतात. पिंपाचं फुगीर पोट तयार होतं ते असं.

यानंतर आत पुन्हा आच देतात. वाइनच्या पिंपाला भाजणी हलकी, अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीच्या पिंपाला मात्र आतून चक्क कोळसा धरेपर्यंत जाळ. या भाजण्यानेच लाकडात व्हॅनिलाचा, भाजल्या साखरेचा वास उतरतो. शेवटी दोन्ही टोकांना आत खाच पाडून गोल झाकणं बसवतात, मधल्या रुंद फळीला बुचाचं भोक पाडतात आणि गरम पाणी भरून गळती तपासतात. फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं.

गोव्यातली ओकची पिंपं

अशी पिंपं पाहायला आज फ्रान्सला जायलाच हवं असं नाही. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्कीची भट्टी आहे. तिची सिंगल माल्ट २०१२ साली बाजारात आली. तिथे अमेरिकेतून आलेली बर्बनची जुनी पिंपं वापरतात. बर्बनला कायद्याने नवंच पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं जगभर विकली जातात. बेंगळुरूच्या अमृत कंपनीनेही २००४ पासून अशाच पिंपांत मुरलेली सिंगल माल्ट परदेशात नेली.

आपल्या हवेची गंमत मात्र वेगळी. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात सुमारे ८ टक्के. हिशेब करून पाहा. २०० लिटर भरलेत तर पाच वर्षांनी स्कॉटलंडमध्ये १८० लिटर उरतील, गोव्यात जेमतेम १३२. पण उष्णतेने लाकडाचा गुणही लवकर उतरतो, म्हणून इथे लवकर मुरते.

मातीचं पिंप

आता चोर्ला घाट उतरून साखळीकडे, डिचोली तालुक्यात येऊ. तिथे आणि उत्तरेला पेडण्यात काजूचा हंगाम म्हणजे फेब्रुवारी-मार्च ते मे. काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला. कानडीत झाडाला ‘गेरू’ म्हणतात, गराला ‘गोडंबी’. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, आपसूक पडलेलाच वेचायचा. दगडात कोरलेल्या कोळमीत तो पायाने तुडवतात. मग जमिनीत अर्ध्या पुरलेल्या मातीच्या कोड्यात रस आंबवतात. तांब्याच्या भाणात तापवला, की पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हा गाळून फेणी.

या साऱ्या खटाटोपात ओकच्या पिंपाला जागाच नाही. तिथे सुताराने जे काम केलं, ते इथे कुंभाराने केलं. डिचोलीचं कुंभारकाम गोव्यात नावाजलेलं. पिंपाचा सुतार ऊन-पावसावर भरवसा ठेवतो, कुंभार मातीच्या गारव्यावर. पुरलेलं मडकं ऐन उन्हाळ्यात रस थंड ठेवतं.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये तिला गोव्याचं वारसा पेय म्हणून मान्यता मिळाली. पण अनेक भट्ट्यांवर कोड्याच्या जागी आज प्लास्टिकचं निळं पिंप उभं आहे. ते फुटत नाही, स्वस्त पडतं, धुवायला सोपं. राबणाऱ्याला दोष कसा देणार? पण पेयाचा मान वाढला आणि भांडं घडवणाऱ्याचा घटला, हे बरोबर नाही. कुंभाराचा मुलगा चाकावर बसेलच, असं आता कोणी गृहीत धरत नाही. युरोपात वाइनची बाटली महाग विकली जाते, तेव्हा पिंपाची किंमत तिच्यात धरलेली असते. आपल्याकडे मडक्याचा हिशेब कोण ठेवतो?

हा लेख दारूची भलामण नव्हे. पिणं न पिणं ज्याच्या त्याच्या विचाराचं, आणि घरं उद्ध्वस्त करणारं व्यसन आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. सांगायचं ते भांड्याबद्दल.

‘पिंप’ आणि ‘पीपायी’ समुद्रापलीकडून आली. पण आपल्या दोन आज्यांचा आणखी एक शब्द आहे. मराठी आजी ‘मडकं’ म्हणते, कानडी अज्जी ‘मडके’. तो शब्द कुठल्या गलबतातून उतरलेला नाही, तो याच मातीतला. पुढच्या खेपेला गोव्याला जाताना डिचोलीत घटकाभर थांबा. मुलांना चाक फिरताना दाखवा आणि पाण्यासाठी एक मडकं घेऊन या. घरी आणल्यावर त्याला काय म्हणायचं, यावरून तरी भांडण होणार नाही.